रंगभूषेच्या आतला माणूस : दिलीप प्रभावळकर यांची अभिनय-कारकीर्द

मराठीत एखाद्या नटाचे कौतुक करताना ‘अष्टपैलू’ हे विशेषण इतक्या सहजपणे वापरले जाते, की त्यामागे नेमके कोणते कौशल्य अभिप्रेत आहे याचा विचार बहुधा होत नाही. मिशी लावली, केस पांढरे केले, आवाज घोगरा केला, की नट ओळखू येत नाही आणि प्रेक्षक थक्क होतो. परंतु ओळखू न येणे आणि दुसरा माणूस होणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : शरीराच्या हालचालींतून होतो तो आंगिक, वाणीतून होतो तो वाचिक, वेश, अलंकार आणि रंगभूषा यांतून साधतो तो आहार्य, आणि मनाच्या एकाग्र अवस्थेतून अश्रू, रोमांच, स्वरभंग अशा खुणांनी शरीरावर उमटतो तो सात्त्विक. अष्टपैलुत्वाची वाहवा बहुतेक वेळा आहार्याच्या पातळीवरच थांबते. दिलीप प्रभावळकर यांनी चेटकिणीपासून महात्मा गांधींपर्यंत आणि गुंडापासून घरातल्या आजोबांपर्यंत इतकी रूपे घेतली आहेत, की त्यांच्या बाबतीतही हाच मोह होतो. पण त्यांची कारकीर्द क्रमाने पाहिली तर लक्षात येते, की त्यांच्या प्रत्येक रूपाचा पाया माणसाच्या बोलण्याचालण्याच्या बारकाईच्या निरीक्षणात आहे आणि रंगभूषा त्यावर शेवटी चढवलेला हात आहे.

प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. त्यांच्या घडणीच्या काळात मुंबईत प्रायोगिक आणि हौशी रंगभूमीला बहर आला होता, आणि त्याच वातावरणात रत्नाकर मतकरी यांनी मुलांसाठी गंभीरपणे नाटके लिहून ती सातत्याने रंगमंचावर आणण्याचे काम चालवले होते. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात प्रभावळकर यांनी चेटकीण साकारली. बालनाट्यातली भूमिका ही नटासाठी दुय्यम, हात साफ करून घेण्यापुरती असते असा एक समज आहे, तो या ठिकाणी बाजूला ठेवायला हवा. मुलांचा प्रेक्षकवर्ग शिष्टाचार पाळत नाही. कंटाळा आला की तो उठून चालू लागतो, आणि नट स्वतःच आपल्या भूमिकेकडे गंमत म्हणून पाहत असेल तर ते त्याला ताबडतोब कळते. चेटकिणीची भीती वाटली पाहिजे, पण मूल रडत घरी जाता कामा नये. तिचे हसू आले पाहिजे, पण ती फुसकी ठरता कामा नये. भीती आणि गंमत यांचे हे प्रमाण प्रत्येक प्रयोगात समोरच्या मुलांकडे पाहून राखावे लागते. भूमिका कितीही अतिरंजित असली तरी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा, हा प्रभावळकर यांच्या अभिनयाचा पुढे सतत दिसणारा विशेष, आणि तो या चेटकिणीतही होता.

महाराष्ट्रातल्या घराघरांत त्यांचा चेहरा पोहोचला तो दूरचित्रवाणीमुळे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चित्र कृष्णधवल होते, दूरचित्रवाणी संच मोजक्या घरांत होते आणि त्या घरांत संध्याकाळी शेजारीपाजारी सतरंजी टाकून बसत. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका प्रसारित झाली. भित्रा, सरळमार्गी, घर आणि नोकरी यांच्या कात्रीत सापडलेला चिमणराव आणि त्याचा धिप्पाड, बेधडक मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी मराठी वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, आणि १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ती पडद्यावरही आणली होती. वाचकांच्या मनात आधीच पक्के बसलेले पात्र साकारणे हे नव्या पात्रापेक्षा अवघड असते, कारण प्रत्येक वाचकाने स्वतःचा चिमणराव मनाशी रंगवलेला असतो. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसमोर प्रभावळकर यांनी उभा केलेला चिमणराव इतका लोकांच्या मनात बसला, की पुढे चि. वि. जोशी यांच्या कथा वाचतानाही अनेकांना त्यांचाच चेहरा दिसू लागला.

या यशाचे कारण माध्यमाच्या स्वरूपातही शोधायला हवे. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आणि हावभाव पोहोचवावे लागतात, त्यामुळे रंगमंचावरचा अभिनय स्वाभाविकपणे थोडा मोठा असतो. दूरचित्रवाणीचा छोटा पडदा मात्र नटाला प्रेक्षकाच्या बैठकीच्या खोलीत, हाताच्या अंतरावर आणून बसवतो. तेथे रंगमंचावरचा मोठा आवाज खटकतो आणि भुवईची एक हालचालही पुरेशी ठरते. त्या काळात रंगभूमीवरून दूरदर्शनवर आलेल्या नटांना हे प्रमाण नव्याने शिकावे लागले. चिमणरावाची धांदल मुळातच मोठ्या हालचालींना आमंत्रण देणारी, पण प्रभावळकर यांनी ती घरगुती मापात ठेवली, म्हणून हा गोंधळलेला कुटुंबप्रमुख प्रेक्षकांना आपल्याच नात्यातला वाटला.

रूपे बदलण्याच्या त्यांच्या सामर्थ्याचे सर्वांत जवळून दर्शन घडते ते ‘हसवाफसवी’ या नाटकात. हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतःच केल्या. एका नटाने अनेक भूमिका करण्यात एक उघड कसरत असते : विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या झाकलेल्या जागेत, काही मिनिटांत कपडे, टोप आणि चेहरा बदलायचा, श्वास जागेवर आणायचा आणि दुसरा माणूस म्हणून प्रवेश करायचा, तोवर इतर नटांनी रंगमंच जिवंत ठेवायचा. पण कपडे बदलून होतात तेवढ्या वेळात चाल, मानेचा कल, वाक्य कुठे तोडायचे याची सवय आणि आवाजाची पट्टी हे सारेही बदलावे लागते. रंगभूमीवरची मंडळी याला ‘बेअरिंग’ म्हणतात. बेअरिंग म्हणजे पात्राचा स्वभाव, लय आणि देहबोली एकदा पकडल्यावर ती शेवटपर्यंत न सुटू देणे. ‘हसवाफसवी’त नटाला एका संध्याकाळी सहा वेळा बेअरिंग पकडावे लागते आणि पाच वेळा पूर्णपणे सोडावे लागते, आणि यांतले सोडणे जास्त कठीण, कारण आधीच्या पात्राची एखादी लकब पुढच्या पात्राच्या बोलण्यात शिरली तर सारा डोलारा कोसळतो.

या सहा जणांत दीप्ती प्रभावळकर पटेल लुमुंबा ही आहे, जिच्या नावातल्या तीन आडनावांतच तिच्या आयुष्याचा प्रवास सांगितला आहे. बॉबी मॉड आहे. आणि कृष्णराव हेरंबकर हे संगीत रंगभूमीचा काळ पाहिलेले वयोवृद्ध गायक-नटही आहेत. पहिल्या दोन पात्रांत वेशभूषेला आणि विडंबनाला भरपूर वाव आहे, आणि प्रभावळकर तो घेतातही. हेरंबकरांपाशी मात्र नाटकाचा सूर बदलतो. थकलेला, कापरा आवाज, आठवणीत हरवताना लांबत जाणारे विराम आणि गतवैभवाबद्दलचे निरागस प्रेम यांमुळे आतापर्यंत खळखळून हसणारे प्रेक्षागृह हळूहळू शांत होते. पांढरा टोप आणि सुरकुत्या कोणत्याही रंगभूषाकाराला करता येतात. पण म्हातारपणी आवाजातला दम आधी सरतो आणि अभिमान मात्र तसाच राहतो, ही गोष्ट नटाने कुठेतरी पाहिलेली, ऐकलेली आणि जपून ठेवलेली असावी लागते. त्या एका भूमिकेत आहार्य, वाचिक आणि सात्त्विक यांची सांगड कशी बसते हे अभ्यासकाला स्पष्ट दाखवता येते.

विनोदी नट म्हणून शिक्का बसण्याचा धोका या लोकप्रियतेत होताच, आणि तो टाळणाऱ्या दोन भूमिका एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घुसमट आहे; मूल मोठे होत जाते, त्याचे शरीर वाढते, मन वाढत नाही, आणि आपल्यानंतर याचे काय होणार हा प्रश्न आईवडिलांना क्षणभरही सोडत नाही. या नाटकात प्रभावळकर यांनी वडिलांची, काटदरे यांची, भूमिका केली. स्वाती चिटणीस या आई होत्या आणि अतुल परचुरे मुलाच्या भूमिकेत होते. दळवींच्या लेखनातले दुःख आरडाओरडा करत नाही, रोजच्या व्यवहारात मुरलेले असते, म्हणून वडिलांची भूमिका करणाऱ्याला रडण्यापेक्षा सावरण्याचा अभिनय अधिक करावा लागतो. त्यानंतर १९९१ मध्ये आलेल्या, संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ या चित्रपटात तेच प्रभावळकर काचेच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले : लहानपणी झालेल्या अपघातामुळे मनाची वाढ खुंटलेल्या नंदूची भूमिका त्यांनी केली. सुलभा देशपांडे यांनी नंदूच्या आईची आणि स्मिता तळवलकर यांनी त्याच्या बालमैत्रिणीची, मीनलची, भूमिका केली.

चाळिशी ओलांडलेल्या नटाने मुलाच्या मनाचा माणूस साकारताना दोन सापळे असतात. एक म्हणजे अडखळते बोलणे आणि वेडीवाकडी हालचाल यांची नक्कल करून प्रेक्षकांचे हसू मिळवणे, आणि दुसरा म्हणजे त्याच साधनांनी त्यांची कीव मिळवणे. दोन्हींत पात्र वरून पाहिले जाते. चित्रपटाच्या तांत्रिक स्वरूपामुळे अडचण आणखी वाढते, कारण चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला नंतर असे तुकडे घेतले जातात आणि प्रत्येक तुकड्यात शरीराची तीच ढब, बोलण्याची तीच गती नेमकी परत आणावी लागते. नंदूच्या भूमिकेत ही ढब कोठेही निसटत नाही, आणि तिच्या आत त्याचा आनंद, हट्ट, मत्सर आणि प्रेम या भावना पूर्ण वाढलेल्या माणसाइतक्याच खऱ्या राहतात. काटदरे आणि नंदू या दोन भूमिका मिळून एकाच दुःखाचे दोन चेहरे मराठी प्रेक्षकाला दाखवून गेल्या, आणि दोन्हींतली माणसे प्रेक्षकाच्या दयेवर सोडलेली नव्हती.

यानंतर केवळ दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त ते तात्या विंचू झाले. मरता मरता मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालणारा हा गुन्हेगार माणूस म्हणून पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. त्यानंतर उरतो तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि प्रभावळकर यांचा आवाज. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बोलून तो आवाज बाहुल्याच्या तोंडून येत असल्याचा भास निर्माण करण्याची कला, आणि पाध्ये यांच्या घराण्यात ती पिढ्यांपासून चालत आलेली आहे. बाहुल्याच्या चेहऱ्याला मोजक्याच हालचाली असतात, त्यामुळे राग, कपट, उतावीळपणा हे सारे आवाजानेच उभे करावे लागते. येथे आहार्य नटाच्या अंगावर नाहीच, आंगिक दुसऱ्याच्या हातात आहे, आणि भूमिकेचा सगळा भार वाचिकावर आहे. तरीही तात्या विंचू तीन दशकांनंतरही महाराष्ट्रातल्या मुलांना भीती दाखवण्याच्या कामी येतो, याचे श्रेय बाहुला घडवणाऱ्या हातांइतकेच त्याला जीव देणाऱ्या त्या आवाजालाही आहे. पुढे अजय फणसेकर यांच्या ‘एन्काउंटर : द किलिंग’ या २००२ च्या हिंदी चित्रपटात त्यांनी पुनप्पा हा टोळीप्रमुख साकारला, आणि २००८ च्या ‘सरकार राज’मधले रावसाहेब हेही त्याच वाटेवरचे पात्र आहे, सौम्य चेहऱ्यामागे दडलेली हिंसा दाखवण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही हे या भूमिकांत दिसते.

प्रभावळकर लेखक आहेत ही गोष्ट त्यांच्या अभिनयाचा विचार करताना वेगळी काढता येत नाही. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची विनोदी लेखनाची पुस्तके, मुलांसाठी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ आणि आपल्या भूमिकांबद्दल लिहिलेले ‘एका खेळियाने’ यांतून एक तीक्ष्ण कान सतत जाणवतो : कोणत्या थरातला, कोणत्या वयाचा माणूस कोणता शब्द कुठे वापरील याची अचूक नोंद घेणारा. दैनंदिनीच्या रूपात लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या त्यांच्या पुस्तकावरूनच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका तयार झाली. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ पासून अल्फा टीव्ही मराठी या वाहिनीवर सुरू झाली. तीन पिढ्या एका छपराखाली राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबातले आबा टिपरे रोजच्या घडामोडी डायरीत लिहून ठेवतात, आणि त्या नोंदींतून घरातले छोटे पेच उलगडतात, अशी तिची मांडणी होती. दूरचित्रवाणीवर कटकारस्थाने आणि दीर्घ सूडकथा यांचे पेव फुटत असताना या मालिकेने मुलाच्या परीक्षेचा निकाल, सुनेची धडपड, नातवंडांचे हट्ट अशा विषयांवर माणसे गुंतवून ठेवली. आबांची भूमिका करताना नट स्वतः साठीच्याही अलीकडे होता, परंतु म्हातारपणाची खूण म्हणून त्यांनी काठी आणि खोकला यांवर भिस्त ठेवली नाही. घरात आपण अजून हवेसे आहोत की नाही याची वृद्धांना सतत लागलेली चाहूल त्यांनी दाखवली, आणि म्हणून तो आजोबा खरा ठरला.

२००६ मध्ये राजकुमार हिराणी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त प्रभावळकर यांनी महात्मा गांधी साकारले. जगाच्या पडद्यावर गांधींची प्रतिमा १९८२ च्या ‘गांधी’ या चित्रपटात बेन किंग्जली यांनी इतकी ठसवली होती, की तुलना अटळ होती. परंतु या दोन गांधींचे स्वरूपच निराळे आहे. हिराणींच्या चित्रपटातले गांधी हे इतिहासातले चरित्रनायक नाहीत. ग्रंथालयात दिवसरात्र वाचत बसलेल्या मुन्नाच्या मेंदूतून निर्माण झालेले ते रूप आहे, ते केवळ मुन्नाला दिसते आणि मुन्नाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्याला ठाऊक असते. नटासमोरचा प्रश्न त्यामुळे विलक्षण होता : राष्ट्रपित्याचा आदर राहिला पाहिजे, आणि त्याच वेळी एका मवाल्याशी मित्रासारखे बोलणारे, त्याला लटके दटावणारे हे गांधी जिव्हाळ्याचेही वाटले पाहिजेत. प्रभावळकर यांनी डोळ्यांतले मिश्कील हसू आणि मृदू, न घाईचे बोलणे यांवर ही भूमिका तोलली. गांधींचा उपदेश त्यांनी उपदेशाच्या स्वरात केला नाही. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

उतारवयात बहुतेक नटांच्या वाट्याला येतात त्या वडीलधाऱ्या, आशीर्वाद देणाऱ्या भूमिका. प्रभावळकर यांच्या वाट्याला मात्र याच काळात गाभ्याच्या भूमिका आल्या. मनोज मित्र यांच्या ‘सजानो बागान’ या बंगाली नाटकावर आधारलेल्या ‘नारबाची वाडी’ या २०१३ च्या चित्रपटात ते आपली वाडी जिवापाड सांभाळणारा आणि जमीनदाराच्या डोळ्यांसमोर मरणाला हुलकावणी देत राहणारा म्हातारा नारबा झाले. २०२५ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटात त्यांनी बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी नटाची प्रमुख भूमिका केली. सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांतला दशावतार हा लोकनाट्यप्रकार देवळाच्या जत्रेत रात्रभर चालतो. पुराणातल्या आख्यानाचा कथाभाग ठरलेला असतो, पण संवाद लिहिलेले नसतात, ते नट हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीवर उभ्या उभ्या रचतो. एक बाकडे हेच सिंहासन असते, स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुष करतात, आणि प्रत्येक नट आपला चेहरा आपल्याच हाताने रंगवतो. रूप घेणे हाच ज्याचा धर्म अशा नटाची भूमिका, आयुष्यभर रूपे घेत आलेल्या नटाच्या हाती येणे हा मराठी चित्रपटातला एक मोलाचा योग म्हणावा लागेल.

या सगळ्या रूपांच्या पोटात काय आहे, हे एका भूमिकेने विशेष स्वच्छपणे दाखवले. महाभारतयुद्धानंतर वनात गेलेल्या धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर यांच्या अखेरच्या दिवसांवर रत्नाकर मतकरी यांनी ‘आरण्यक’ हे मुक्तछंदातले नाटक लिहिले, आणि १९७० च्या दशकात त्यात विदुराची भूमिका प्रभावळकर यांनी केली, तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. म्हातारा विदुर त्यांना रंगभूषेने आणि देहबोलीने घडवावा लागला. २०१८ मध्ये ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आले, रवी पटवर्धन धृतराष्ट्र आणि प्रतिभा मतकरी गांधारी म्हणून उभ्या राहिल्या, आणि विदुर पुन्हा प्रभावळकरच झाले. आता नट स्वतः सत्तरीच्या पुढे होता. पांढरे केस त्याचे स्वतःचे होते, चालीतला सावकाशपणा शिकावा लागला नव्हता, आणि नाट्यशास्त्राने ज्याला आहार्य म्हटले त्याचे काम वयाने निम्म्याहून अधिक करून टाकले होते. मतकरींचे शब्द मात्र तेच होते, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही चार दशकांपूर्वी होती तेवढीच होती.